हावड्याचं इंजिन वाचलं, मुंबईची तीन गेली

१८७२ च्या अखेरीस पॅरिसच्या एका दैनिकात ज्यूल व्हर्नची कादंबरी क्रमशः छापून येत होती. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करायला निघालेला फिलिअस फॉग आणि त्याचा नोकर पासपार्तू मुंबईत आगगाडीत बसतात, रात्री घाट ओलांडतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी खान्देशात शिरते. बऱ्हाणपूरला गाडी थांबते तेव्हा पासपार्तू खोट्या मोत्यांनी मढवलेल्या सपाता विकत घेतो. व्हर्न स्वतः भारतात कधी आला नव्हता. त्यामुळे त्यानं खान्देशातल्या नद्या गोदावरीला मिळवून टाकल्या. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या सगळ्या तापीच्या लेकी आहेत, हे त्याला कोणी सांगितलं नसावं. पण एक तपशील त्यानं अचूक टिपला होता. गाडीचं इंजिन चालवणारा ड्रायव्हर इंग्रज होता आणि भट्टीत जळणारा कोळसाही इंग्लंडचाच होता. मुंबईकडच्या रेल्वेला त्या काळी कोळसा मुख्यतः इंग्लंडहून जहाजानं येत असे.

कादंबरीतल्या त्या गाडीमुळे जगभरच्या वाचकांना खान्देशचं नाव कळलं. खरीखुरी गाडी इथून दीडशेहून अधिक वर्षं धावते आहे. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, धुळे या गावांची आजची ठेवण रेल्वेशिवाय सांगताच येत नाही. मात्र हा सगळा कारभार ज्यांनी ओढला, ती एकोणिसाव्या शतकातली वाफेची इंजिनं पाहायची म्हटली तर खान्देशच्या माणसाला दिल्ली किंवा चेन्नई गाठावी लागते. तिथली जी मोजकी इंजिनं वाचली, ती कशी वाचली हे समजून घेणं खान्देशासाठी महत्त्वाचं आहे. कारण इथे अजूनही वाचवण्यासारखं काही शिल्लक आहे.

कापसाच्या वाटेवर

मुंबईहून पहिली प्रवासी गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी. बोरीबंदर ते ठाणे हे अंतर २१ मैलांचं. १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित बसले होते. दुपारी साडेतीनच्या सुमारास २१ तोफांची सलामी झाली आणि ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ या तीन इंजिनांनी गाडी हलवली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘जी.आय.पी.’, या कंपनीनं लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीकडून आठ इंजिनं मागवली होती. ही तीन त्यांतलीच. कंपनी उभी राहावी म्हणून मुंबईत खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई हे आघाडीवर होते. मुख्य अभियंता होता जेम्स बर्कले.

ठाण्यापर्यंतची गाडी हे कौतुक होतं. कंपनीचा खरा डोळा सह्याद्रीपलीकडच्या कापसावर होता. खान्देश आणि वऱ्हाडातला कापूस बैलगाड्यांवरून मुंबईला पोचायला आठवडेच्या आठवडे लागत. वाटेत तो भिजे, मळे, चोरीला जाई. रूळ सह्याद्रीवर चढवण्यासाठी कसारा ते इगतपुरी हा थळ घाट बांधला गेला. सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर चढणारा हा चढ १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीला खुला झाला. घाटाच्या अलीकडचे-पलीकडचे तुकडे आधीच तयार होत आले होते. खान्देशातही रूळ पडले होते. घाट जोडला गेल्यावर मुंबई ते भुसावळ सलग गाडी सुरू झाली.

वेळ अशी जुळून आली की त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि खान्देशच्या काळ्या जमिनीवर व्यापाऱ्यांची नजर खिळली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण रूळ राहिले. जळगाव कापसाची पेठ म्हणून वाढलं, सरकी काढणारे आणि गठ्ठे बांधणारे कारखाने आले, मग कापडगिरण्या आल्या.

भुसावळचं भाग्य त्याच्या जागेमुळे उघडलं. १८६७ मध्ये तिथून नागपूरपर्यंत गाडी गेली. १८७० च्या मार्चमध्ये दुसरा फाटा खंडवा, इटारसीवरून जबलपूरला भिडला आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास रुळांवरून पूर्ण होऊ लागला. दोन मोठे मार्ग जिथे फुटतात, तिथे इंजिनं बदलायची, कोळसा-पाणी भरायचं, राख काढायची, ड्रायव्हर-फायरमनच्या पाळ्या लावायच्या. एवढ्या कामासाठी शेड हवी, कारखाना हवा, कामगारांच्या चाळी हव्यात. छोटंसं खेडं पाहता पाहता रेल्वेचं गाव झालं.

शतक सरता सरता उरलेला नकाशाही भरला. ताप्ती व्हॅली रेल्वे १८९९ मध्ये सुरतेहून अमळनेरपर्यंत आणि १९०० मध्ये जळगावपर्यंत आली. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा ही गावं तिच्यामुळे गुजरातच्या बाजारपेठेला जोडली गेली. त्याच १९०० मध्ये चाळीसगावहून धुळ्याला फाटा गेला. १९०६ मध्ये इंग्रज सरकारनं खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, तेव्हा जळगाव आणि धुळे या दोन्ही मुख्य ठाण्यांपर्यंत वाफेचं इंजिन पोचलेलं होतं.

भट्टी, पाणी आणि दोन माणसं

आज विशी-तिशीत असलेल्यांनी चालतं वाफेचं इंजिन बहुधा सिनेमातच पाहिलं असेल. त्याची रचना समजायला मात्र अवघड नाही. मागच्या बाजूला भट्टी. तिच्या पुढे लांबट गोल बॉयलर. बॉयलर पाण्यानं भरलेला आणि त्या पाण्यातून आरपार गेलेल्या बारीक नळ्यांचं जाळं. भट्टीतला तप्त धूर या नळ्यांतून पुढे ओढला जातो आणि भोवतालचं पाणी उकळतं. कुकरमध्ये शिट्टीखाली कोंडलेली वाफ जो जोर दाखवते, तोच जोर इथे कितीतरी पटींनी साठवलेला असतो. ही वाफ बॉयलरच्या वरच्या घुमटातून घेऊन दोन सिलिंडरांत सोडतात. तिथे ती दट्ट्याला एकदा पुढून, एकदा मागून ढकलते. दट्ट्याची ये-जा दांड्यांमार्फत चाकांपर्यंत जाते आणि चाकं फिरतात.

काम झालेली वाफ तशीच सोडून देत नाहीत. ती धुराड्याखालून जोरात वर फेकतात. तिच्या झोताबरोबर नळ्यांतला धूर ओढला जातो, भट्टीला हवा मिळते आणि आग भडकते. गाडीवर जितका जास्त भार, तितकी जास्त वाफ बाहेर पडते आणि तितकी आग आपोआप फुलते. मुलांच्या ओठी बसलेला ‘झुकझुक’ आवाज म्हणजे धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वाफेचे ठोके.

हे यंत्र स्वतःहून चालत नसे. त्याला दोन माणसं राबावी लागत. ड्रायव्हर डोळ्यांत तेल घालून पुढचा सिग्नल पाहणार, वाफ किती आणि कधी द्यायची ते ठरवणार. फायरमन फावड्यानं कोळसा टाकणार, पण तोही कसाही नाही. भट्टीत सगळीकडे सारखा थर पसरला पाहिजे, नाहीतर मधेच थंड हवा घुसते आणि वाफेचा दाब उतरतो. त्याहून मोठी जोखीम पाण्याची. भट्टीचं छत कायम पाण्याखाली राहिलं पाहिजे. पातळी खाली गेली तर छत तापून मऊ होतं आणि बॉयलर फुटू शकतो. म्हणून छतात शिशाची डाट बसवलेली असे. पाणी संपलं की शिसं वितळे, वाफ भट्टीत घुसे आणि आग दबून जाई. वैशाखात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या खान्देशात, उघड्या भट्टीसमोर उभं राहून हे काम करणाऱ्यांच्या कष्टांची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही.

चौतीस वर्षं नुसतं उभं

आता त्या वाचलेल्या इंजिनाकडे वळू. लीड्स शहरात किटसन, थॉम्पसन अँड हेविटसन नावाचा कारखाना होता. १८५५ मध्ये त्यानं कलकत्त्याच्या ईस्ट इंडियन रेल्वेसाठी काही इंजिनं बांधली. त्यांतल्या २२ क्रमांकाच्या इंजिनाला पुढे, १८९५ मध्ये, ‘फेअरी क्वीन’ हे नाव मिळालं.

आजच्या नजरेला ते लहानसं वाटतं. वजन सुमारे २६ टन. मागे कोळसा-पाण्याचा वेगळा टेंडर नाही. पाण्याची टाकी बॉयलरच्या पोटाखालीच बसवलेली. पुढे लहान चाकांची एक जोडी, मागे एक जोडी आणि मधोमध सहा फूट व्यासाची मोठी जोडी. वाफेचा सगळा जोर त्या मधल्या जोडीवरच. १९४७ नंतर भारतीय रेल्वेवर गाजलेल्या भल्याथोरल्या डब्ल्यू.पी. इंजिनांची चालकी चाकंसुद्धा पाच फूट सात इंचांची होती, म्हणजे यापेक्षा लहान. एवढ्या मोठ्या चाकाचं कारण साधं आहे. दट्ट्याच्या एका येरझारीत चाकाचा एक फेरा होतो. चाक मोठं असेल तर त्याच एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. सहा फुटी चाक एका फेऱ्यात पावणेसहा मीटर अंतर कापतं. ताशी ४० किलोमीटर या त्याच्या कमाल वेगाला मिनिटाला सुमारे ११६ फेरे पुरतात. यंत्र शांतपणे चालतं आणि झीज कमी होते. उलट बाजूनं पाहिलं तर एकाच जोडीवर जोर असल्यानं चढावर किंवा जड गाडीपुढे अशी चाकं जागच्या जागी घसरत. म्हणून या जातीची इंजिनं सपाट प्रदेशातल्या हलक्या, वेगवान गाड्यांना लावत. थळ घाटात त्यांचा उपयोग झाला नसता.

त्या काळातल्या इंजिनांची आणखी एक अडचण आज नवलाची वाटते. वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर शोधला गेला १८५८ मध्ये. त्याआधीच्या इंजिनांत हे काम चालत्या यंत्रावर चालणारा पंप करी. गाडी उभी राहिली की पंपही उभा. स्टेशनात फार वेळ खोळंबा झाला आणि बॉयलरमधलं पाणी उतरू लागलं, तर पाणी भरण्यासाठी ड्रायव्हरला इंजिन सोडवून पुढेमागे फिरवावं लागे.

फेअरी क्वीननं सुरुवातीला हावडा ते राणीगंज या मार्गावर हलक्या टपालगाड्या ओढल्या. हा १२१ मैलांचा मार्ग तेव्हा नवाच होता आणि थेट कोळशाच्या खाणींपर्यंत जात होता. १८५७ चा उठाव झाला तेव्हा कंपनी सरकारनं उत्तरेकडे सैन्य धाडण्यासाठी याच मार्गाचा वापर केला. त्या सैन्याच्या गाड्या ओढण्याचं कामही या इंजिनाच्या वाट्याला आलं. पुढे अधिक ताकदीची इंजिनं आल्यावर त्याची रवानगी बिहारमध्ये, नवे रूळ टाकण्याच्या कामावर झाली. १९०९ मध्ये ते निवृत्त झालं. चोपन्न वर्षांची चाकरी झाली होती.

खरी गोष्ट इथे सुरू होते. निवृत्त इंजिनाचं पुढे काय होतं, हे ठरलेलं असे. तांब्याची भट्टी, पितळी नळ्या, पोलादी दांडे या सगळ्याला भंगाराच्या बाजारात चांगला भाव होता. इंजिन तोडून धातू विकला जाई किंवा वितळवून पुन्हा वापरला जाई. फेअरी क्वीनच्या बाबतीत कोणीतरी वेगळा निर्णय घेतला. तिला हावडा स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं केलं. तिथे ती चौतीस वर्षं उभी राहिली. पहिलं महायुद्ध आलं आणि गेलं, दुसरं पेटलं, लोखंडाची चणचण झाली, पण चौथऱ्यावरच्या इंजिनाला कोणी हात लावला नाही. १९४३ मध्ये तिला उत्तर प्रदेशातल्या चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत नेण्यात आलं. तिथे रेल्वेत नव्यानं दाखल झालेल्या पिढ्यांनी तिला पाहिलं.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेचा जुना ठेवा एका जागी आणण्याचा विचार पुढे आला. नोकरीनिमित्त भारतात राहिलेले मायकेल सॅटो हे इंग्रज अभियंता इंजिनांचे मोठे चाहते. त्यांच्या सल्ल्यानं देशभरच्या शेड धुंडाळून जुनी इंजिनं हुडकण्यात आली. १९७१ मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते दिल्लीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची पायाभरणी झाली आणि १९७७ च्या फेब्रुवारीत ते लोकांसाठी खुलं झालं. फेअरी क्वीनला तिथे मानाची जागा मिळाली.

काचेआड ठेवलेल्या वस्तूसारखं तिचं उरलेलं आयुष्य गेलं असतं तरी कोणी तक्रार केली नसती. पण १९९७ मध्ये तिला पुन्हा वाफेवर आणलं गेलं. जुलैत तिनं मुख्य मार्गावर धाव घेतली, निवृत्तीनंतर तब्बल ८८ वर्षांनी. त्याच वर्षी दिल्ली ते राजस्थानातल्या अलवारपर्यंत पर्यटकांसाठी तिची गाडी सुरू झाली. १९९८ मध्ये नियमित धावणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनीज बुकानं तिची नोंद केली. वाट अजून सोपी नव्हती. २०११ मध्ये दिल्लीच्या शेडमधून तिचे महत्त्वाचे भाग चोरीला गेले. ते बाजारात मिळणारे भाग नव्हतेच. चेन्नईतल्या पेरांबूर कारखान्यातल्या कारागिरांनी ते नव्यानं घडवले आणि इंजिन पुन्हा चालतं झालं.

तिची जुळी बहीणही हयात आहे. त्याच कारखान्यात, त्याच १८५५ साली बांधलेलं २१ क्रमांकाचं ‘एक्स्प्रेस’ हे इंजिन बिहारमधल्या जमालपूर कारखान्याच्या आवारात कित्येक दशकं शोभेसाठी उभं होतं. पेरांबूरच्या कारागिरांनी तेही दुरुस्त केलं आणि १५ ऑगस्ट २०१० रोजी ते चेन्नईत धावलं.

शेजारच्या खंडव्यापर्यंत

खान्देशच्या अगदी उंबरठ्यापर्यंत आलेल्या एका रेल्वेचं इंजिनही दिल्लीच्या संग्रहालयात आहे. त्याचा क्रमांक एफ-७३४. १८९५ मध्ये ते अजमेरच्या कारखान्यात बांधलं गेलं. भारतात तयार झालेलं हे पहिलं रेल्वे इंजिन. त्याआधी प्रत्येक इंजिन सुट्या भागांत जहाजानं यायचं आणि इथे जोडलं जायचं. अजमेरच्या कामगारांनी दाखवून दिलं की हे यंत्र इथेही उभं राहू शकतं.

हे इंजिन राजपुताना-माळवा रेल्वेसाठी होतं. एक मीटर रुंदीच्या रुळांवरच्या या रेल्वेचं दक्षिणेकडचं टोक म्हणजे खंडवा. तिथे ती भुसावळहून जाणाऱ्या जी.आय.पी.च्या रुंद रुळांना भेटत असे. खंडवा ते इंदूर हा तिचा भाग होळकरांच्या पैशानं बांधला गेला. महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी त्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं. त्या काळी एक कोटी ही केवढी प्रचंड रक्कम! मराठी दरबारानं रेल्वेसाठी दिलेलं हे भांडवल आणि भारतीय कामगारांनी घडवलेलं पहिलं इंजिन, हे दोन्ही धागे एकाच मार्गात गुंफलेले आहेत.

मुंबईची तीन

मग ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’चं काय झालं? हावड्याच्या इंजिनापेक्षा ती थोडी जुनी. देशातली पहिली प्रवासी गाडी ओढण्याचा मान त्यांचा. तरी तिघांपैकी एकही आज शिल्लक नाही. त्यांच्याही आधी, १८५२ मध्ये, भायखळ्याच्या बाजूला रूळ टाकण्याच्या कामासाठी ‘लॉर्ड फॉकलंड’ नावाचं इंजिन आणलं होतं. मुंबईकर ते पाहायला गर्दी करत. तेही गेलं. जी.आय.पी.च्या वाट्याला घाट होते, जड कापूस-धान्याच्या गाड्या होत्या. ताकदीची नवी इंजिनं येत गेली आणि जुनी बाजूला पडली. त्यांच्यासाठी चौथरा कोणी बांधला नाही.

दिल्लीत जी.आय.पी.च्या वाफेच्या काळाची एक खूण मात्र आहे. ईएम-९२२ हे इंजिन १९०७ मध्ये ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात बांधलं गेलं. ते विसाव्या शतकातलं असलं तरी इगतपुरी-भुसावळच्या मैदानी रुळांवरून मेल गाड्या ज्या पद्धतीच्या इंजिनांनी ओढल्या, त्याची कल्पना त्यावरून येते.

या मैदानी टापूला वाफेच्या इतिहासात वेगळं स्थान आहे. १९३० पर्यंत मुंबईहून इगतपुरीपर्यंत वीज पोचली आणि घाटात विजेची इंजिनं धावू लागली. तिथून पुढे भुसावळपर्यंतचे सुमारे ३०० किलोमीटर मात्र वाफेकडेच राहिले. मुंबईहून निघालेली गाडी इगतपुरीला आली की विजेचं इंजिन सुटे आणि वाफेचं जोडलं जाई. प्रवाशाच्या डोळ्यांत कोळशाचा कण जायचा तो तिथून पुढे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या मार्गावरही वीज आली. १९७० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून रुंद मार्गासाठीचं शेवटचं वाफेचं इंजिन बाहेर पडलं. त्याचं नाव ठेवलं ‘अंतिम सितारा’. १९९५ मध्ये देशातल्या रुंद मार्गांवरची नियमित वाफेची गाडी थांबली. ज्या चाळीसगाव-धुळे मार्गाची सुरुवात वाफेनं झाली, त्यावर आज मेमू धावते.

लीड्स, बार्शी, पाचोरा

फेअरी क्वीन बांधणाऱ्या लीड्सच्या किटसन घराण्याचा महाराष्ट्राशीही संबंध आला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याला स्वस्तात रेल्वे बांधायची होती. त्यानं अडीच फूट रुंदीचे रूळ निवडले आणि इंजिनाचं वजन जास्त चाकांवर अशा रीतीनं वाटलं की प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये. हलके रूळ, हलके पूल, कमी खर्च. ही कल्पना उतरवणारी इंजिनं त्यानं किटसनकडून बांधून घेतली आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पंढरीच्या वारकऱ्यांना पुढे कित्येक पिढ्या तिनं वाहिलं. अडीच फुटी रुळांवरही भरपूर माल आणि माणसं नेता येतात, हे बार्शीनं सिद्ध केलं.

त्याच अडीच फुटांची रेल्वे खान्देशात आली. पाचोऱ्याहून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावं घेत जामनेरला जाणारी ही ५६ किलोमीटरची गाडी १९१८-१९ च्या सुमारास टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. लोक तिला ‘पीजे’ म्हणतात. आठवडी बाजारचे शेतकरी, माहेरवाशिणी, तालुक्याच्या शाळेत जाणारी पोरं, सगळ्यांना परवडणारी ही गाडी. आधी कोळशावर, नंतर डिझेलवर ती शंभर वर्षं चालली. २०२० च्या मार्चमधल्या टाळेबंदीत ती थांबली आणि परत सुरू झाली नाही. या मार्गाचं ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करून तो बोदवडपर्यंत नेण्याला मंजुरी मिळाली आहे. जामनेरकरांना मोठी गाडी मिळालीच पाहिजे, यात दुमत असायचं कारण नाही. पण नवं बांधताना जुन्याचं काय करायचं, हे आत्ताच ठरवायला हवं. कारण असे रूळ, सांधे, सिग्नल, तिकिटांचे ठोकळे आणि डबे एकदा लिलावात गेले की परत येत नाहीत.

जगात जुनी इंजिनं जिथे टिकली तिथे हाच प्रश्न वेळेवर विचारला गेला होता. १८२९ चं स्टीफन्सनचं ‘रॉकेट’ १८६० च्या दशकातच लंडनच्या संग्रहालयाला मिळालं. अमेरिकेतलं १८३१ चं ‘जॉन बुल’ स्मिथसोनियन संस्थेनं इतकं नीट राखलं की १९८१ मध्ये, दीडशेव्या वर्षी, ते वाफेवर चालवून दाखवता आलं. दूर कशाला, नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. सातपुड्याच्या लहान रुळांवर धावलेली इंजिनं आणि डबे विदर्भातली मुलं तिथे पाहू शकतात.

खान्देशाला जपणुकीची सवय नाही असंही नाही. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. त्यांनी गावोगाव पायपीट करून मिळवलेले कागद तिथे सांभाळले जातात. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं राखली आहेत. कागद टिकवायला जी चिकाटी लागली, तीच लोखंड टिकवायला लागेल. पीजेचं एक इंजिन, दोन डबे, काही फूट अडीच फुटी रूळ आणि एक सिग्नल पाचोरा किंवा जामनेर स्टेशनाच्या आवारात, छपराखाली, माहितीच्या फलकासह ठेवता येईल. भुसावळच्या जुन्या शेडमधली अवजारं, दिवे, नोंदवह्या यांनाही तिथेच जागा मिळू शकते. लोकप्रतिनिधी, रेल्वे प्रशासन आणि तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी मिळून ही मागणी आताच लेखी करायला हवी.

आणि वाचकहो, भुसावळ, चाळीसगाव, पाचोरा, अमळनेरच्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबा रेल्वेत फायरमन, ड्रायव्हर, गार्ड किंवा पॉइंट्समन होते. माळ्यावर त्यांचा हातकंदील असेल, पितळी बिल्ला असेल, पास असेल, शेडसमोर काढलेला सामुदायिक फोटो असेल. तो भंगारवाल्याला देऊ नका. फोटोमागे नावं, गाव आणि साल लिहून ठेवा, आणि घरात त्या काळातलं कोणी हयात असेल तर त्यांच्या कामाची हकीकत याच महिन्यात त्यांच्याकडून लिहून घ्या.